शेजारणीचा पहिला हक्क

मंठाळ, ता. २६ ऑक्टोबर १९४७

चि. सौ. वच्छलेस अनेक आशीर्वाद.

लालसाब पिंजाऱ्याच्या कमानीचा आवाज तुला आठवतो का गं? टँव… टँव… टँवटँव. दसरा झाला की तो आपल्या अंगणात बसायचा, गाद्या उसवून कापूस पिंजायचा, आणि पलीकडं मारुतीच्या देवळात आमची शाळा कविता म्हणायची. पंतोजींना ताल कळत नव्हता, लालसाबला अक्षर कळत नव्हतं, पण त्याच्या तातीच्या ठेक्यावर आमचं कडवं असं बसायचं की कमान थांबली तर कविताही अडायची. आणि मग कापसाच्या ढिगातून तुझा आवाज यायचा, पुढची ओळ सांगणारा. मुलींना शाळा नव्हती. तुला आमच्याआधी पाठ असायचं. पंतोजी खांबाआडून ओरडायचे, "कोण गं ती कापसातली? आत येऊन चुका तरी काढ!"

आज पहाटे तोच आवाज ऐकून जागा झालो. धावत बाहेर आलो तर शेजारच्या हणमंतप्पाची म्हैस पत्र्याला शिंग घासत होती. लालसाब जाऊन वर्षं झाली, हे तिला ठाऊक असावं, मला नाही.

तर हे पत्र सोलापूरहून नाही, मंठाळाहून आहे. दचकू नकोस. परवाना काढून आलो. ऑगस्टात तिकडचा झेंडा बदलला, इकडचा तोच राहिला, आणि तुझा थोरला भाऊ निजामाच्या राज्यात परदेशी झाला. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या नाक्यावर माझी पिशवी उलटी केली. धोतरं, सुपारी, आणि आपलं ते शाळेचं कवितांचं पुस्तक, पुठ्ठा गेलेलं. नाकेदाराला वाटलं, काही चळवळीचं आहे. म्हणाला, "पढ को सुनाव." मी उभा राहिलो, हात मागं बांधले, आणि मोराची कविता चालीवर सुरू केली. तिसऱ्या कडव्याला त्यानं हात जोडले. "बस करो बडे मियाँ, जाव तुम." मागं लॉरीतली माणसं हसली. मलाही हसू आलं, पण उमरगा येईपर्यंत पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

घर तसंच आहे. लिंबाची सावली आता तुझ्या कोठ्यावरही जाते. बाबांनी चोळीबांगडीत तुला दिलेला तो कोठा अन् परस हणमंतप्पा नीट राखतोय, कडबा भरलाय, भिंत सारवलीय.

आलोय ते घर विकायला. विकून परत जायचं आहे. श्रीमंत म्हणतो, परक्या मुलखातलं रिकामं घर उद्या कोण राखणार, बाबा? माझ्या लेकाचं नाव आलं म्हणून पत्र फाडू नकोस. त्यानं तुझ्या सुशीलेला नकार दिला आणि पुण्याकडची केली. आत्याची मुलगी घरात येणार हे आपण दोघांनी तिच्या बारशात ठरवलं होतं, त्यानं ते मानलं नाही. तू म्हणालीस, माझं माहेर सरलं, त्या उंबऱ्यात आता पाय ठेवणार न्हाई. तेव्हापासून आठ वर्षं दर दिवाळीला भाऊबिजेची साडी मी पाठवतो आणि ती माझ्याच गाठीनिशी परत येते. पत्रं मात्र परत येत नाहीत. तेवढ्यावर मी लिहितो.

मेहुणे श्रीपतरावांना नमस्कार. सुशीलेला आशीर्वाद.

तुझा,
आप्पाराव


मंठाळ, ता. ३० ऑक्टोबर

चि. सौ. वच्छलेस,

तुझं उत्तर यायला वेळ नव्हताच, तरी मी दोनदा चावडीपाशी जाऊन डाकवाल्याला विचारून आलो. एरवीही चावडीवर जावं लागतं. परक्या रयतेनं एक दिवसाआड हजेरी द्यायची आणि तालुक्याबाहेर पाऊल टाकायचं नाही, असं परवान्यात आहे. नाहीतर औरादला आलोच असतो, तू दार लावून घेतलं असतंस तरी.

पोलीस पाटील कोण आहे ठाऊक आहे? गुरुशांतप्पा! आपल्या लिंबावरून पडून ज्याचा दात गेला तो. टोपी नीट करून मला विचारतो, "नाव?"

म्हटलं, "गुरुशांत, लाज वाटू दे."

"नाव सांगा. बापाचं नाव?"

"बापाचं नाव तुला ठाऊक हाय की. त्यांनीच तुला छडीनं बडवलं होतं."

"मला ठाऊक हाय, सरकारला न्हाई," म्हणाला. आणि मुलूख विचारल्यावर मी परवानाच पुढं सरकवला, तेव्हा त्यानंच हळूच लिहिलं, सोलापूर. मग उठून मला चहा आणवला. वच्छे, जन्म या चावडीच्या मागं झाला. नाळ परसात पुरली. आणि लिहिताना तिसराच गाव.

पण हे पत्र त्यासाठी नाही. काल तालुक्याला, कल्याणीच्या कचेरीत विक्रीची परवानगी विचारायला गेलो होतो. बाहेर वडाखाली अर्जनवीस बसतो, म्हातारा, रुमी टोपी, चष्म्याला दोरा. त्यानं घराच्या चारी बाजू विचारल्या. पूर्वेला रस्ता, उत्तरेला हणमंतप्पा, पश्चिमेला गल्ली. "दख्खन को कौन?" म्हटलं, दक्षिणेला माझ्या बहिणीचा कोठा, मधे एकच भिंत. त्यानं लेखणी खाली ठेवली.

इकडच्या मुलखात एक कायदा आहे, तो मला आजवर ठाऊक नव्हता. घर विकलं की पहिला हक्क शेजाऱ्याचा. परका जो भाव देतो तोच भाव देऊन शेजारी ते घर मागू शकतो. विकणाऱ्याला नाही म्हणता येत नाही, घेणाऱ्याला हटावं लागतं. पैशाला मुदतही मिळते. पण एक अट भारी. सौदा पक्का झाला, अमक्यानं घेतलं, हे कानावर पडलं की त्याच श्वासात, चार माणसांदेखत, उठून म्हणायचं, मी मागते. बघू म्हटलं, घरात विचारते म्हटलं, तरी हक्क गेला. बापाच्या घरात लेकीचा वाटा नाही, हे आपल्यात शास्त्र. पण शेजारीण म्हणून तुझा वाटा आहे. माझ्या अंगावर काटा आला.

आणि लगेच दुसरा काटा. मी तुला २६ तारखेच्या पत्रात लिहून मोकळा झालो होतो, घर विकायला आलोय! तू ते वाचून गप्प बसली असशील तर? मी त्याचा हात धरला. "मैं तो लिख को बैठा!"

तो हसला. "घेणारा कोन, लिखा? सौदा हुआ, लिखा?"

म्हटलं, नाही.

"तो मग कुछ बी नै लिखा आप."

त्यामुळं सांगतो: घेणारा आहे. त्याचं नाव मी लिहिणार नाही. तू कुणाला विचारू नकोस. हणमंतप्पा बाजारात भेटला तर कानावर हात ठेव. मी त्याला बजावलंय.

तुझा,
आप्पाराव


मंठाळ, ता. ४ नोव्हेंबर

चि. सौ. वच्छलेस,

काल घेणारा येऊन घर बघून गेला. माणूस वाईट नाही. ओसरीवर बसून त्यानं माझ्याकडून एक कवितासुद्धा ऐकली, आणि कविता चालू असताना खांबांवर बोटं वाजवून लाकूड तपासलं. त्याला कापसाची वखार करायची आहे. आतल्या भिंती पाडणार. लिंब जाणार, कारण लॉरी आत यायला हवी. "झाडाचं काय मास्तर, झाड दुसरं येतंय," म्हणाला. मी मास्तर नाही, सुताच्या पेढीवरचा म्हातारा मुनीम आहे, हे सांगायचं राहून गेलं.

रात्री अंथरुणात पाठ टेकत नाही, दिवसा पाय टेकत नाहीत. माजघरातून ओसरीवर, ओसरीवरून परसात, परसातून तुझ्या कोठ्याच्या भिंतीपाशी. भिंतीवर हात ठेवून उभा राहतो. हणमंतप्पाची शरणम्मा परवा नवऱ्याला म्हणताना ऐकली, "अण्णा काय हुडकायलेत तिथं? काल पण असंच हुबे होते." हणमंतप्पा म्हणाला, "सोलापूरची सवय. तिथं भिंतीला कान असत्यात."

त्याला मी सरळ विचारलं. शेजार त्याचाही आहे. तो घेईल का?

"मला कामून पायजे? माझी म्हैस तुमच्या माजघरात बांधू का?"

"तसं नाही. परका नको म्हणून."

तो तंबाखू मळत राहिला. मग म्हणाला, "आप्पाराव, तुम्ही माझ्या तोंडानं दुसऱ्याला इच्यारायलाव. अक्का बाजाराला येते तवा मला काय इच्यारते, ठाव हाय का? कोठ्याचं न्हाई, कडब्याचं न्हाई. इच्यारते, लिंब हाय का? मी म्हणतो, हाय. ती म्हणते, असू द्या. अन् जाते."

हे त्यानं मला आठ वर्षं का सांगितलं नाही, विचारलं. म्हणाला, "तुम्ही इच्यारलं न्हाई."

त्या लिंबावर मी चौथीत कविता केली होती. 'दारापुढती लिंब उभा हा, सावलीस ना मागे भाडे.' पुढं अडलो होतो. चांदणं, कोकिळा, काय काय बसवून पाहिलं. तू भांडी घासता घासता म्हणालीस, 'आई झाडुन वळते तोवर, पुन्हा पसारा खाली पाडे.' पंतोजींनी दोन्ही ओळी माझ्या समजून पाठ थोपटली. मी ती थोपटून घेतली. घरी आल्यावर तू माझ्या वाटचा गूळ खाल्लास.

तू म्हणशील, अण्णा, एवढं वाटतं तर मला नुसतं देऊन टाक की. देऊ? साडीचं काय होतं ते मी आठ दिवाळ्या बघतोय. माझ्या हातून आलेलं काही तू घेणार नाहीस. पण हे माझं देणं नाही, वच्छे. मी कुणालाही विकलं तरी हा हक्क तुझा आहे. तो मी दिला नाही, बाबांनी दिला नाही, कुणाच्या लेकानं नाकारला तर जातही नाही. मागणाऱ्याला मान खाली घालावी लागत नाही. मी नाही म्हटलं तरी मला विचारतंय कोण!

मी काही तुला माग म्हणत नाही. म्हणणारा मी कोण? मी विकणारा. विकणाऱ्यानं असं शेजाऱ्याला लिहू नये, अर्जनवीस म्हणतो. एकदा घेणाऱ्याला कळलं तर तो कचेरीत आडवा येईल. म्हणून हे पत्र वाचून चुलीत घाल.

रात्री लॉऱ्या जातात. माणसं सोलापूरच्या वाटेला लागलीत, सामान बांधून. मी उलटा आलो. गुरुशांतप्पा म्हणतो, दिवाळीच्या आत उरका आणि जा, पुढचं काय सांगावं.

तुझा,
आप्पाराव


मंठाळ, ता. ७ नोव्हेंबर

चि. सौ. वच्छलेस,

घाईत लिहितो. दिवस ठरला. घेणाऱ्याला मुहूर्त धनत्रयोदशीचा हवा. सकाळी इथंच ओसरीवर इसाराचा बयाना घ्यायचा, हातावर हात मारायचा, की सौदा झाला. मग दिवाळीनंतर कचेरीत कागद. भाऊबीज झाली की परवाना संपतो, मला जावंच लागेल.

त्याच सकाळी मी तुला शेवटचं पत्र टाकीन. त्यात नाव असेल, भाव असेल. लिफाफ्याच्या कोपऱ्यावर हळदीचं बोट लावतो, म्हणजे ओळखशील. नीट ऐक. ते पत्र एकटी फोडू नकोस. आधी शेजारपाजारची माणसं बोलाव, ओट्यावर बसव, सुपारी दे. मग फोड. वाचलंस की ओळ पुरी व्हायच्या आत उठून म्हणायचं. काय म्हणायचं ते मी लिहीत नाही, तुला पाठ असणार. श्रीपतरावांना विचारायला आत जाऊ नकोस. डोळे पुसायला पदर शोधू नकोस. नंतर रड.

आणि मागायचं नसेल तर लिफाफा तसाच ठेव. फोडला नाही म्हणजे तुझ्या कानावर काही पडलं नाही. कायदा तुला दोष देणार नाही. मीही नाही.

तू येणार नाहीस, मी बोलावत नाही. तुझी शपथ तू मोडावीस असं मला कधी वाटलं नाही. तू मोडणाऱ्यातली नाहीस. लहानपणी एकदा रुसलीस तर संक्रांतीपासून शिमग्यापर्यंत माझ्याशी बोलायची ती आईमार्फत. "आई, अण्णाला सांग, त्याच्या पानात माशी पडली."

तुझा,
आप्पाराव


मंठाळ, धनत्रयोदशी

चि. सौ. वच्छलेस,

माणसं बसली का? सुपारी दिलीस का? तर वाच.

आज सकाळी मंठाळच्या आपल्या राहत्या घराचा सौदा पक्का झाला. घेणारे हुमनाबादचे कापसाचे व्यापारी सिद्धलिंगप्पा. बयाना माझ्या मांडीखाली आहे, गरम लागतोय. सिद्धलिंगप्पा ओसरीवर पान लावतायत, मला विचारतायत, "कुणाला लिहायलाव एवढं?" म्हटलं, बहिणीला. म्हणतात, "लिहा, लिहा. सणाचं लिहावं." हणमंतप्पा साक्षीला बसलाय, तो माझ्याकडं बघत नाही. भाव पुढं लिहितो. आधी एवढंच सांगतो की

ओळ अर्धी राहिली. आता पुढं लिहितोय, घाईघाईनं, अक्षर समजून घे. पण समजून घ्यायला काय, तू

थांब. नीट लिहितो.

दारात बैलगाडीचा आवाज आला. मला वाटलं, सिद्धलिंगप्पांचा गडी माप घ्यायला आला. वर बघतो तर उंबऱ्याबाहेर एक बाई उभी. डोईवरचा पदर धुळीनं पांढरा, हातात नुसती छोटी ट्रंक. मी ओळखलं नाही. आठ वर्षांपूर्वीची ती परकरातून नुकतीच साडीत आलेली होती.

"कोण गं?"

"सुशीला हाय, मामा."

वच्छे, मी कुणाचीही वाट बघत होतो. डाकवाल्याची, गुरुशांतप्पाची, तुझीही, खोटं कशाला बोलू. हिची नाही. या घरानं जिला नको म्हटलं तीच उंबऱ्यापाशी. मला उठता येईना. मांडीखाली बयाना.

"आत ये बाळ," म्हटलं.

"येते. आदी सांगा, सौदा झाला का?"

सिद्धलिंगप्पाच बोलले. बोलका माणूस. "झाला की! आत्ताच झाला. आम्ही घेतलं. तू कुणाची गं पोरी? ये, पेढा घे."

तिनं श्वास घेतला तेवढाच. मग शाळेत कविता म्हणतात तसा मोठा आवाज काढला. "मी वच्छलाबाई औरादकरांची लेक. दक्षिणेचा कोठा आईचा. आईच्या नावानं शेजाराचा हक्क मागते. हणमंतप्पा मामा, तुम्ही साक्षी. शरणम्मा मामी, तुम्ही पण."

हणमंतप्पा तंबाखूसकट उठून उभा राहिला. शरणम्मा भिंतीपलीकडून ओरडली, "ऐकलं गं बाई, ऐकलं!" सिद्धलिंगप्पांचं पान हातातच राहिलं. ते माझ्याकडं बघून म्हणाले, "मास्तर, हे काय करायलाव?" म्हटलं, मी काही केलं नाही, मी पत्र लिहितोय. मग त्यांना धागा सापडला. सुशीलेला म्हणाले, "पोरी, कायदा मला पण ठाव हाय. हक्क आईचा, तर आईनं ऐकाय पायजे. आई औरादला, तू हितं. तुझ्या बोलण्याला काय अर्थ हाय?"

"आई औरादला कामून आसल?" सुशीला म्हणाली. "आई गाडीत हाय. सगळं ऐकायलीय."

आणि गाडीतून तुझा आवाज. आठ वर्षांनी. "सुशे, त्या बाबाला सांग, मी मागते म्हणून. अन् म्हणाव, आदी ओसरीवरनं उठा."

माझ्याशी नाही बोललीस. अजून आईमार्फतच. आई नाही तर लेक.

सिद्धलिंगप्पा उठलेत. रागावलेत, पण बयाना परत घेतलाय. कचेरीत बघून घेतो म्हणाले, बघू दे. सुशीला आत आलीय, तिनं माजघरापर्यंत जाऊन पाहिलं. मी तिच्या मागं मागं गेलो. तिनंच विचारलं, "मामा, मी कोणत्या खोलीत आले आसते?" मी बोट दाखवलं. तिनं डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "अंधारी हाय. बरं झालं." आणि हसली. मग मी रडलो, तुला सांगायला लाज कसली.

पण तू खाली उतरत नाहीस. गाडी लिंबाखाली उभी, तू पाठमोरी. हणमंतप्पा येऊन सांगून गेला, शरणम्मा येऊन सांगून गेली. तू एकच म्हणतेस, माझी आन हाय, माहेरच्या उंबऱ्यात पाय ठेवायचा न्हाई. मी दारापर्यंत आलो होतो, तू पदर पुढं ओढलास. म्हणून पुन्हा लिहायला बसलोय. हे पत्र डाकेत जाणार नाही, सुशीला अंगण ओलांडून तुझ्या हातात देईल. चार पावलांसाठी एवढं लांबलचक पत्र आजवर कुणी लिहिलं नसेल.

तर शेवटचं ऐक. माहेर म्हणजे भावाचं घर. हे भावाचं घर सकाळी होतं. मी ते विकलं आणि तू मागितलंस, आता माझा त्यात एक वासासुद्धा नाही. तुझी आन माहेरची आहे, तुझ्या स्वतःच्या घराची तू कधी घातली नव्हतीस. भाऊबिजेपर्यंत माझा परवाना आहे. तोवर मंठाळात मला राहायला घर नाही, शेजारीणबाईंनी ओसरीवर जागा दिली तर राहीन. त्यासाठी घरधनीण घरात लागते.

चूल पेटवायची तर फुंकणी कुठं असते ते सुशीलेला माहीत नाही. मलाही सापडेना.

उतर.

अण्णा